पडलेलं विमान आणि माझी खतावणी



गेल्या आठवड्यात मंदिरातून बाहेर पडताना ओळखीच्या एकीने मला थांबवलं आणि हसत विचारलं, "काय हो काकू, तुमच्या घरी म्हणे विमानं पडतात?" मी म्हटलं, "पडतात की. पण परत उडतातही." ती हसून पुढे गेली, पण घरी येईपर्यंत तोच विषय डोक्यात घोळत राहिला. म्हणून आज लोणची-पापड बाजूला ठेवून फोमच्या विमानाबद्दल लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. दहा-बारा वर्षांचं नातवंड असं विमान मागत असेल तर घेऊन द्या. मात्र ते मोडलं की दुरुस्ती त्याच्याच हातून करून घ्या. लगेच दुसरं आणून देऊ नका.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला नातवाच्या मामाने त्याला रिमोटवर उडणारं छोटं विमान दिलं. वजन दीडशे ग्रॅमच्या आत, पंखाची लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाहून थोडी जास्त. खोकं बघून मी मनात म्हटलं, आठ दिवसांत हे माळ्यावर जाणार. माझा अंदाज चुकला, आणि तो चुकवला आमच्या ह्यांनी.

हे कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये होते. तिथे विमानांची मॉडेलं करायला शिकवायचे. बाल्साच्या हलक्या लाकडाचं विमान, त्याला छोटं इंजिन, आणि ते दोन तारांना बांधलेलं. उडवणाऱ्याने मध्ये उभं राहून स्वतःभोवती गरगर फिरायचं. एकदा आपटलं की महिनाभराची मेहनत मातीत. लग्नानंतर दुकान, संसार, बहिणींची लग्नं यात ते सगळं मागे पडलं. मागच्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि माणूस सोफ्यावर बसला तो बसलाच. ते खोकं उघडलं तेव्हा मात्र हे स्वतः उठून आले. मी तिथेच विरोध गिळला.

पहिल्या दिवशी विमान सुमारे दहा सेकंद उडालं आणि नाकावर आपटलं. नाक चेपलं. नातवाचा चेहरा रडवेला झाला. मला वाटलं, संपलं. पण हे म्हणाले, "पातेल्यात पाणी उकळत ठेव." या फोमची गंमत अशी, की चेपलेला भाग उकळत्या पाण्याच्या संपर्कात आला की आतले बारीक दाणे पुन्हा फुगतात आणि आकार बराचसा परत येतो. चाळीस वर्षं मी पाणी उकळते आहे, पण विमानाचं नाक सरळ करण्यासाठी पहिल्यांदाच उकळलं. (पाणी ओतायचं काम मोठ्या माणसाने करायचं, हे सांगायला नकोच.) साध्या थर्मोकोलला हे चालत नाही. थर्मोकोलवर इन्स्टंट ग्लू टाकला तर तो भाग विरघळून खड्डा पडतो, हेही आम्ही एक तुकडा वाया घालवून शिकलो.

त्यानंतर आमची सकाळची शाळा सुरू झाली. मिरजेच्या पुढच्या एका मोकळ्या माळावर जायचं. मी जाते ती वाऱ्याचा अंदाज घ्यायला. पदराचं टोक हवेत धरायचं. ते नुसतं हललं तर उडवायचं, फडफडलं तर गुपचूप घरी यायचं. एवढ्या हलक्या विमानाला वारा जिकडे नेईल तिकडे ते जातं. आणि सोडताना वाऱ्याच्या समोर तोंड करूनच सोडायचं, उतरवतानाही तसंच.

हे नातवाला शिकवत असतात ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं आहे. शिकाऊ विमानाचे पंख वरच्या बाजूला असावेत आणि द्रोणासारखे किंचित वर वळलेले असावेत, म्हणजे कलंडलं तरी ते स्वतःहून सरळ व्हायला बघतं. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवशिका तिथेच गोंधळतो. त्यावर सोपा तोडगा असा, की जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला काडी ढकलायची. आणखी एक. विमान मंदावून खाली यायला लागलं की पोरं घाबरून नाक वर ओढतात. वेग आणखी कमी होतो, पंख हवेला धरू शकत नाहीत आणि विमान दगडासारखं पडतं. अशा वेळी नाक थोडं खाली सोडायचं, वेग येऊ द्यायचा आणि मग वर घ्यायचं. उंची हातात असेल तरच हे जमतं. म्हणून मी नातवाला सांगते, उंची म्हणजे बँकेतली शिल्लक. ती आधी जमवायची, मग खेळ करायचे.

मला सर्वांत आवडतो तो तोल बघण्याचा भाग. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शावर, दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून विमान उचलायचं. नेमकी जागा विमानाबरोबरच्या कागदावर दिलेली असते. ते आडवं राहिलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. दुरुस्तीत लावलेल्या गोंदाचंही वजन होतं, म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर तोल पुन्हा बघायचा. मी बी.कॉम. आहे. ताळा जुळल्याशिवाय वही मिटायची नाही ही माझी सवय, आणि ती इथे अगदी चपखल बसली.

वही म्हटली तर ती आहेच. विमानाचं वेगळं खातं मी पहिल्या दिवसापासून लिहिते. वर्षभरात पंखे सहा, प्रत्येकी ७० प्रमाणे ४२० रुपये. शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, ज्यांना सर्वो म्हणतात, त्या दोन, ३०० रुपये. गोंद, टेप आणि कार्बनच्या काडीऐवजी वापरलेल्या बांबूच्या काड्या, १८० रुपये. बॅटरी एक, ६५० रुपये. एकूण १,५५० रुपये. घरातल्या सगळ्यांना वाटतं की हे नुकसान आहे. मी ते 'दुरुस्ती व देखभाल' या शीर्षाखाली लिहिते. वस्तू टाकून दिली तर नुकसान. ती पुन्हा कामाला लागली तर तो खर्च, आणि या खर्चातून पोराच्या हाताला जे वळण लागलं ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

आता त्या ६५० रुपयांच्या बॅटरीबद्दल. ती चूक माझी होती. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून होती. मला वाटलं मोबाईलसारखीच असेल. मी ती चार्जिंगला लावली आणि स्वाध्यायाला निघून गेले. परत आले तर बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली. आग लागली नाही हे नशीब. पण संध्याकाळी मुलगा घरी आला, त्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "आई, घर जाळायचंय का? उद्यापासून हे बंद." विमान माळ्यावर गेलं. हे पुन्हा सोफ्यावर. नातू तर आठवडाभर माझ्याशीही बोलेना.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण मला झोप लागेना, कारण मला दुसराच एक दिवस आठवत होता. हाच मुलगा बारा वर्षांचा होता. त्याने घरातला टेपरेकॉर्डर खोलला होता. चटईवर स्क्रू रांगेने मांडून ठेवले होते, त्याला परत जोडायचाच होता. मी काही न विचारता त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पैसे झाडाला लागतात का?" असं म्हणाले. त्यानंतर त्याने घरातली एकही वस्तू खोलून बघितली नाही. आजही बल्ब गेला की तो इलेक्ट्रिशियनला फोन करतो. त्या दिवशी टेपरेकॉर्डर वाचला असेल, पण मी काय मोडलं ते मला तीस वर्षांनी कळलं.

मी त्याला हे सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी त्याने व्होल्ट मोजायचं एक छोटं यंत्र आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मोजून वापरा." तेव्हापासून भिंतीवर कागद लावला आहे. एका सेलची बॅटरी पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, साडेतीनच्या आसपास आली की विमान खाली, आणि कपाटात ठेवायची तर ३.८ वर. चार्जिंग फरशीवर, आणि कोणीतरी समोर बसलेलं असताना. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, ती ई-कचऱ्यात द्यायची.

बऱ्याच जणी विचारतील, हाही एक परिग्रहच नाही का? अगदी खरं. हा छंद हाव वाढवणारा आहे. एक विमान आलं की मोठं हवं, मग जास्त वेगाचं, मग दोन पंखांचं. ह्यांनीही एकदा चार विमानांची यादी केली होती. मी नियम घातला आहे: एक विमान, एक रिमोट, दोन बॅटऱ्या. आहे ते दुरुस्तीपलीकडे गेल्याशिवाय नवं येणार नाही. फोम कुजत नाही, हीही माझ्या मनाला लागलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच दुरुस्तीचा माझा आग्रह दुप्पट आहे.

जिवांचंही भान ठेवावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात माळावर एक टिटवी सारखी ओरडत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागली. नीट पाहिलं तर उघड्या जमिनीवर खड्यांच्या रंगाची चार अंडी. टिटवी घरटं बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालते. आम्ही त्याच दिवशी तो माळ सोडला आणि पावसाळा संपेपर्यंत दुसरीकडे गेलो. घार जवळ आली की विमान लगेच खाली घ्यायचं, हाही नियम. आणि मावळतीला हवा शांत असते, उडवायला छान असते, तरी आम्ही सकाळचीच वेळ धरली आहे, कारण आमच्या घरी दिवसाउजेडी जेवण होतं. विमानासाठी ते मोडायचं नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' गटात येतं आणि ते उडवणाऱ्याला परवाना लागत नाही. पण विमानतळाच्या आसपास आणि लाल पट्ट्यात परवानगीशिवाय उडवायचं नाही. सरकारच्या 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर आपली जागा आधी बघून घ्यावी. माणसांच्या डोक्यावरून आणि रस्त्यावरून तर कधीच नाही. नजरेआड जाऊ द्यायचं नाही.

शेवटी उसाची गोष्ट. आमच्याकडे माळ संपला की ऊस सुरू. एकदा विमान भर उसात पडलं. आत शिरलं की पात्याने हात कापतात आणि चार पावलांवरचं दिसत नाही. नातू धावत सुटला होता, त्याला ह्यांनी थांबवलं. आधी मोटर बंद केली. मग म्हणाले, "काडी हलव आणि कान दे." नातू काडी हलवत होता आणि आम्ही तिघं श्वास रोखून उभे. उसातून बारीक कुरकुर ऐकू आली. विमानाची शेपूट हलत होती. त्या आवाजाच्या मागे जाऊन मुलाने, हो, माझ्या मुलाने, विमान बाहेर आणलं. एक पंख मधोमध मोडला होता. घरी येऊन त्याने आणि नातवाने मिळून बांबूची काडी घालून तो जोडला. स्क्रू चटईवर रांगेने मांडले होते. मी काही बोलले नाही, फक्त चहा ठेवला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखादी मोडलेली वस्तू माळ्यावर असेल. या रविवारी ती खाली काढा, नातवंडाच्या पुढे ठेवा आणि थोडा वेळ तोंड बंद ठेवा. मला हे उशिरा जमलं.

जय जिनेंद्र.