छंदाच्या वहीला गुण नकोत

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. तेथे आठवीतल्या एका मुलाने पर्जन्यमापक मांडला होता. बाटली, नरसाळे आणि पट्टी एवढेच साहित्य. पण काम नीटनेटके होते. शेजारी दोन महिन्यांच्या पावसाचा तक्ता टांगलेला होता. साठ दिवस आणि साठ नोंदी! एकही दिवस सुटलेला नव्हता. सगळे आकडे एकाच पेनने, एकाच वळणाचे, जणू एकाच बैठकीत उतरलेले.

मी त्याला सहज विचारले, "काय रे, गणपतीला गावी गेला नव्हतास का?"

"गेलो होतो सर. चार दिवस."

"मग त्या चार दिवसांचा पाऊस कोणी मोजला?"

तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, रकाना कोरा ठेवला तर गुण कापतात."

तो मुलगा लबाड नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पर्जन्यमापक त्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या हौसेने बनवला होता. पुढे शाळेत ‘प्रकल्प’ द्यायचा झाला तेव्हा तोच उपयोगी आला. छंदाची वही प्रकल्पवही झाली आणि त्या दिवसापासून ती पावसासाठी न राहता परीक्षकासाठी लिहिली जाऊ लागली.

मुलांनी छंद गंभीरपणे घ्यावेत म्हणून त्यांना गुण द्यावेत, असे पुष्कळ शिक्षक आणि पालक म्हणतात. त्यांचा हेतू चांगला आहे. तरीही माझे मत नेमके उलट आहे. ज्या छंदात निरीक्षण आणि नोंद आहे, त्याला गुणांपासून दूरच ठेवावे, मग तो पाऊस मोजण्याचा असो, पक्षी पाहण्याचा असो की ताऱ्यांचा.

पावसाच्या तक्त्यात ‘०’ लिहिणे आणि रकाना कोरा सोडणे या अगदी वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ‘०’ म्हणजे मी पाहिले आणि पाऊस पडलेला नव्हता. कोरा रकाना म्हणजे मी पाहिलेच नाही. पहिले पावसाविषयीचे विधान आहे, दुसरे माझ्याविषयीचे. महिन्याची सरासरी काढायची असेल तर शून्याचा दिवस हिशेबात धरावा लागतो आणि कोरा दिवस वगळावा लागतो. कोऱ्या जागी अंदाजाने ‘१२ मिलिमीटर’ लिहिले की बाकीच्या छप्पन्न खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. कारण त्यांतल्या खऱ्या कोणत्या हे आता कोणालाच, खुद्द त्या मुलालाही, सांगता येणार नाही.

माझा स्वतःचा छंद रूपविकारी ताऱ्यांचा. ज्या ताऱ्यांची तेजस्विता कमीजास्त होते ते रूपविकारी तारे. ताऱ्याची तेजस्विता प्रतीने सांगतात आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या दोन ताऱ्यांशी तुलना करायची. एक थोडा तेजस्वी, दुसरा थोडा मंद. आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कोठे बसतो ते ठरवायचे, आणि प्रत, तारीख व वेळ वहीत लिहायची. एवढाच हा छंद. तेजस्वी ताऱ्यांपुरती तर दुर्बीणही लागत नाही.

या छंदाचे सर्वांत मोठे भारतीय नाव बहुतेकांनी ऐकलेले नसते. राधागोविंद चंद्र १८७८ साली बंगालमधील जेसोरजवळ (हा भाग आता बांगलादेशात आहे) जन्मले. शाळेच्या अखेरच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले. पुढे जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी त्यांना मिळाली. आपल्याकडे ‘पोतदार’ हे आडनाव ज्या कामावरून पडले तेच हे काम. दिवसा खरे-खोटे नाणे पारखायचे आणि रात्री आकाशाकडे डोळे लावायचे. १९१० साली त्यांनी हॅलेचा धूमकेतू न्याहाळला. १९१२ साली तीन इंची दुर्बीण विकत घेतली. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एकाएकी उजळलेला नवतारा त्यांनी कोणी न सांगता ओळखला.

अमेरिकेत रूपविकारी ताऱ्यांच्या हौशी निरीक्षकांची एक संघटना १९११ साली स्थापन झाली. राधागोविंद तिला आपल्या नोंदी पाठवू लागले. कामाचे मोल जाणून संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. १९५४ पर्यंत त्यांनी पाठवलेल्या नोंदी सुमारे ३७ हजार भरल्या. सुमारे चौतीस वर्षांच्या या कामाचा हिशेब मांडून पाहा. वर्षाला हजाराहून अधिक, म्हणजे रोज सरासरी तीन. आणि बंगालमध्ये पावसाळ्याचे चार महिने आकाश कसे असते ते वेगळे सांगायला नको. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले आणि १९७५ साली वारले. ती सहा इंची दुर्बीण पुढे प्रसिद्ध शास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे आली व अखेर तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोचली.

तीनदा नापास झालेल्या माणसाची ही गोष्ट सांगून अभ्यास सोडा असे मी सुचवत नाही. तसा अर्थ काढलात तर तुमचे आईवडील मला पत्रे लिहितील. मला लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. त्या संघटनेच्या पद्धतीत ‘तारा दिसला नाही’ ही नोंदसुद्धा स्वीकारली जाते. ‘अमुक प्रतीपर्यंतचे तारे दिसत होते, पण हा दिसला नाही; म्हणजे तो त्याहून मंद आहे’ असे लिहायचे. न दिसण्याची नोंद करणाऱ्याचे तेथे काही कापले जात नाही, उलट ती नोंद आलेखात मानाने बसते.

आता माझ्या वहीतली एक नोंद सांगतो. मृगाच्या चार पायांपैकी जो तांबूस तारा आहे तो काक्षी. त्याची प्रत मी कित्येक वर्षे लिहीत आलो आहे. ती साधारणपणे ०.५ च्या आसपास असते. डिसेंबर २०१९ मधल्या एका रात्री घरी पाहुणे होते, थंडीही होती. गच्चीवर घाईने गेलो, मृग दिसला, तसाच खाली आलो आणि वहीत लिहिले, ‘काक्षी ०.५, नेहमीप्रमाणे.’ तुलनेचे तारे पाहिलेच नव्हते. आठवड्याभरातच बातमी आली की काक्षी विलक्षण मंद झाला आहे. मी धावत वर गेलो. तो रोहिणीपेक्षा स्पष्टपणे मंद दिसत होता! फेब्रुवारी २०२० पर्यंत तो १.६ प्रतीपर्यंत उतरला आणि मृगाच्याच दुसऱ्या पायातल्या बेलाट्रिक्सच्या पंक्तीला येऊन बसला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेल्या धुळीने त्याचा प्रकाश अडवला, असे पुढे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

अनेक वर्षांत एकदा घडणारी गोष्ट माझ्या डोक्यावर घडत होती आणि मी ‘नेहमीप्रमाणे’ लिहून जेवायला बसलो होतो. तो रकाना मी कोरा सोडला असता तर काहीच बिघडले नसते. ती नोंद मी खोडलेली नाही. शेजारी तांबड्या शाईने ‘न पाहता लिहिले’ एवढे लिहून ठेवले आहे. मला कोणी गुण देत नव्हते, तरी सवयीने माझ्याकडून खोटी नोंद झाली. मग ज्याच्या पाठीशी दहा गुण आणि बाईंची लाल रेघ आहे त्या आठवीतल्या मुलाला मी काय बोलणार?

कोणी म्हणेल, आता यंत्रे रोज रात्री सारे आकाश टिपतात, तेव्हा मुलांच्या वहीची किंमत ती काय? मंद ताऱ्यांच्या बाबतीत हे खरे आहे, तेथे साधा डोळा यंत्राला हरला. पण आकाशाची सर्वेक्षणे करणारे पुष्कळ कॅमेरे मंद ताऱ्यांसाठी बनवलेले असतात. काक्षीसारखा तारा त्यांच्या चित्रात इतका प्रखर उमटतो की त्याची प्रत मोजताच येत नाही. अशा ताऱ्यांचे शंभर वर्षांचे आलेख आज हाताशी आहेत ते हौशी लोकांच्या डोळ्यांमुळे. अर्थात तुमच्या पहिल्याच वहीतून शोध लागेल अशी आशा धरू नका. मी ती चाळीस वर्षे धरून आहे, तो भाग निराळा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गुण नसतील तर मुले चार दिवसांत कंटाळतील, असे शिक्षक सांगतात. कंटाळतील, कबूल आहे. पण कंटाळू द्यावे. तिकिटे सोडून फुलपाखरांकडे आणि फुलपाखरे सोडून बुद्धिबळाकडे जाण्यात काही गैर नाही. छंद म्हटल्यावर एवढी मोकळीक हवीच. जो मुलगा सोडणार नाही त्याला गुणांचे आमिष मुळी लागतच नाही, आणि जो सोडणारच आहे तो गुणांसाठी काय करतो ते त्या पावसाच्या तक्त्यात पाहिलेच. पुण्यात १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत माणसे रात्र रात्र जागली, ती काही प्रगतिपुस्तकासाठी नव्हे.

शाळेने मग काहीच करू नये काय? करावे की! महिन्यातून एका रात्री गच्चीची किल्ली द्यावी. त्या रात्रीपुरते मैदानावरचे दिवे बंद ठेवावेत. वाचनालयात तारकांचे नकाशे ठेवावेत आणि जुन्या वह्या जपण्याकरिता एक कपाट द्यावे. एखाद्या मुलीने तीन वर्षे केलेल्या नोंदी पुढच्या वर्गातल्या मुलाला तेथे वाचायला मिळाल्या तर किती बरे! आणि सरांनी किंवा बाईंनी स्वतःचीही एक वही ठेवावी, कोऱ्या रकान्यांसकट. एवढे झाले तरी माझी काही तक्रार नाही.

ज्यांना या छंदाची गोडी लागून पाहावी असे वाटते त्यांनी अल्गॉलपासून सुरुवात करावी. ययाती तारकासमूहातील हा तारा नोव्हेंबर ते जानेवारी या महिन्यांत संध्याकाळनंतर चांगला वर आलेला असतो. देवयानीच्या तारकांची जी ओळ ययातीकडे येते, तिच्या टोकाचा तारा शोधा. अल्गॉल एरवी जवळजवळ त्याच्याइतकाच, म्हणजे २.१ प्रतीचा असतो. पण तो एकटा नाही. एक मंद सोबती त्याच्याभोवती फिरतो आणि दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याच्यासमोर येऊन त्याचे पिधान करतो. तेव्हा अल्गॉल सुमारे पाच तासांत ३.४ प्रतीपर्यंत उतरतो आणि तितक्याच वेळात पुन्हा पूर्ववत होतो.

हा काळ प्रथम नीट मोजला तो इंग्लंडमधील यॉर्क येथे राहणाऱ्या जॉन गुडरिकने. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता आणि लहानपणापासून बहिरा होता. नोव्हेंबर १७८२ मध्ये एका रात्री त्याला अल्गॉल मंद दिसला. त्याने आधी शंका घेतली ती स्वतःच्या डोळ्यांवर आणि खराब हवेवर. मग रात्रीमागून रात्री तो पाहत राहिला. तारा नेहमीसारखाच दिसे आणि तो तसेच लिही. डिसेंबरअखेर अल्गॉल पुन्हा मंद सापडला. दोन मंद वेळांमधले अंतर मोजून, त्याला पूर्ण संख्येने भागून त्याने आवर्तनकाल काढला. एखादे काळोखे पिंड ताऱ्याभोवती फिरत असावे, हा त्याचा तर्क १८८९ साली वर्णपटाच्या साहाय्याने सिद्ध झाला. पण गुडरिक १७८६ मध्येच, एकविसाव्या वर्षी वारला होता.

तुम्ही रोज रात्री एकदाच पाहाल तर तारा स्पष्टपणे मंद सापडण्याचा योग सरासरी चौदा-पंधरा रात्रींतून एकदा येईल. बाकीच्या रात्री ‘देवयानीच्या ताऱ्याइतकाच’ असे लिहावे लागेल, आणि तेही पाहूनच लिहायचे. पिधानाच्या वेळा छापील पुस्तकांत व पंचांगांसारख्या तक्त्यांत मिळतात. पण निदान पहिला महिना त्या पाहू नका. वेळ आधी ठाऊक असली की डोळा तारा मंद करून दाखवतो, हा माझा अनुभव आहे.

वहीच्या पानावर पाच रकाने आखा: तारीख, वेळ, आकाश कसे होते, अल्गॉल कोणत्या ताऱ्यासारखा दिसला आणि शेरा. ढग असतील त्या रात्री तिसऱ्या रकान्यात ‘ढग’ लिहून चौथा मोकळा सोडा. विसरलात तर ‘विसरलो’ लिहा. मामाच्या गावाला गेलात तर वही बरोबर न्या. तेथे आकाश बहुधा जास्त काळोखे असते.