शेक

आमच्या कोल्हापूरकडे रेडिओथेरपीला सहसा कुणी रेडिओथेरपी म्हणत नाही. 'लाईट घ्यायला गेलेत' किंवा 'शेक चालू आहे' असं म्हणतात. मला तो 'शेक' शब्द आवडतो. शेकानं दुखणं मुळासकट जात नाही, ठणका तेवढा कमी होतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तोंडाच्या कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात नेमकं तेच आपण विसरतो.

म्हणजे बघा, रोग वेळेत सापडला तर ऑपरेशन आणि गरज पडल्यास सहा-सात आठवडे लाईट, हे सगळं बरं होण्यासाठी. शरद पवार २००४ च्या आजारातून उठले आणि पुढे वर्षानुवर्षं राजकारण केलं. आपल्या शेजारच्या तासगावच्या आर. आर. आबांना मात्र त्याच रोगानं फेब्रुवारी २०१५ मध्ये, अवघ्या ५७ व्या वर्षी नेलं.

रोग हाताबाहेर गेल्यावरही लाईट देतात, पण तेव्हा हेतू निराळा असतो. जखमेतून येणारं रक्त थांबावं, ठणका कमी व्हावा, भाकरी नाही तर निदान पेज गिळता यावी. त्याला मोजके डोस पुरतात. दिल्लीच्या एम्सनं अशा ५०५ रुग्णांना पाच दिवसांत पाच डोस, एकूण २० ग्रे, दिले होते. तो अभ्यास २००४ साली छापून आला. निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं बऱ्यापैकी हलकं झालं. आणखी एक रीत आहे: दोन दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक डोस, आणि फरक पडला तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तसंच.

आता चंदगडहून किंवा गगनबावड्याहून येणाऱ्या म्हाताऱ्याचा विचार करा. हातात चार-सहा महिने असतील, तर त्यातले दीड-दोन महिने एसटीत आणि लॉजवर का घालवायचे? (अंगात ताकद असेल आणि बरं होण्याची आशा असेल तर पूर्ण कोर्सच घ्यावा, याबद्दल माझं दुमत नाही. ते डॉक्टरच ठरवणार.)

माझ्या मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "किती खेपा मारायच्या रं? आणि कशापायी?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. "त्यांना काही सांगू नका हं," असं घरातल्या थोरांनी आधीच बजावलेलं. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या गालाला भोक पडलंय त्याला आपण काय लपवणार? उलट न सांगितल्यामुळे तो बरं होण्याची वाट बघत राहतो, आणि शेताचं, बँकेचं, धाकटीच्या लग्नाचं बोलायचं राहून जातं.

शिवाय शेकाचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, आधी तोंड सोलवटतंसुद्धा. तोवर दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्याचा कायदा २०१४ मध्ये सोपा झाला, तरी 'सवय लागेल' म्हणून नातेवाईकच नको म्हणतात. कमाल आहे!

आणि जखमेचा वास. त्याबद्दल कुणी बोलत नाही, पण माणसं यायची बंद होतात ती त्यानंच. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड ड्रेसिंग करताना जखमेवर टाकली की तो बराच कमी होतो. गोळी अगदी स्वस्त आहे. डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मग पाहुण्याजवळ खुर्ची ओढून बसा.