मडकं बांधणारा कुठाय?



चौदा एप्रिलच्या चित्ररथावरून आपल्या वस्तीत जी भांडणं लागलीत त्यातला मी एक भिडू आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोरांनी ठरवलं होतं, ट्रकवर पेशवाईतलं पुणं उभं करायचं. पुठ्ठ्याचा दरवाजा, मागं रंगवलेली भिंत, आणि मधोमध आपलाच एक पोरगा. उघडा. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात हे मांडलंय, तेव्हा आधार पक्का. मीच पहिला म्हणलो, करा. दिसलं पाहिजे लोकांना. पोटात आग पडली पाहिजे. पोरगाही ठरला, आठवीतला.

तर त्याची आजी मीटिंगमधे उठली. म्हणली, "माझ्या सासऱ्यानं गाव सोडलं ते नातवाच्या गळ्यात मडकं बघाया? येवढी हौस असंल तर तुमच्या गळ्यात बांधा की." सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही, कारण मला एक गाव आठवलं. आपल्याकडचं नव्हे. अमेरिकेतलं.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी भाच्याकडं बॉस्टनला गेलो होतो. तिथून दक्षिणेला तासाभराच्या रस्त्यावर समुद्राकाठी प्लिमथ म्हणून शहर आहे. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातनं १०२ इंग्रज आले आणि तिथं वसले. आपल्याकडं चौथीतली पोरं अफजलखानाचा वध पाठ करतात तशी तिकडची पोरं ह्यांची गोष्ट पाठ करतात. धर्मासाठी छळलेली माणसं, पहिल्याच हिवाळ्यात निम्मी मेली, मग भले इंडियन आले, मका पेरायला शिकवला, सगळ्यांनी मिळून जेवण केलं. सुट्टी, टर्की, आभार.

त्या शहराबाहेर १९४७ साली सुरू झालेलं एक म्युझियम आहे. काचेच्या पेट्यांचं नव्हे. सबंध गावच बांधलंय. फळ्यांची घरं, वर गवताचं छप्पर, भोवती लाकडी कूस, चढावर किल्ला. त्या किल्ल्यात प्रार्थनाही तिथंच आणि तोफाही तिथंच. बाया विस्तवावर काहीबाही रटरटवताहेत, बाप्ये लाकूड तासताहेत, पायात कोंबड्या येताहेत. ही सगळी पगारी माणसं, पण पगारी आहोत हे तोंडातनं निघू देत नाहीत. एकेकाला त्या काळच्या एकेका खऱ्या माणसाचं नाव दिलेलं. त्याच्याच बोलीत बोलायचं, त्याच्याच अकलेनं विचार करायचा. फोटो काढायला मोबाईल वर केला तर हे काय भूत म्हणून बघतात. मी गेलो तेव्हा त्या गावात १६२७ साल चालू होतं. काल १६२७, उद्या १६२७.

काम चोख होतं, खोटं कशाला बोलू. मी एका दाढीवाल्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, बाबा, ही जमीन कुणाची? त्यानं सनद सांगितली, शेजारच्या सरदाराशी झालेला करार सांगितला. म्हणलं, मग ह्या शेजाऱ्यांचं पुढं काय झालं? तो म्हणाला, "पुढचं देवाला ठाऊक. आज तर आमचा सलोखा आहे."

तो खोटं बोलला नाही. १६२७ साली सलोखाच होता. सगळी मेख इथंच आहे, पोरांनो. खोटं बोलायची गरजच नाही. फक्त घड्याळ कुठं थांबवायचं ते आपल्या हातात पाहिजे.

१६२७ च का, ह्याला त्यांच्याकडं कारण आहे आणि कारण साफ आहे. त्या साली वसाहतीतली गुरं वाटून घेतली आणि वाटणीत माणसांची नावं लिहून ठेवली. त्याच साली एक डच पाहुणा येऊन गेला, त्यानं गावाचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे कागद आहे. कागद आहे तिथं इतिहास आहे. पण कागद कुणाच्या घरात असतो? आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात महार किती वेळा येतो, आणि येतो तेव्हा कशापायी येतो? गुरांच्या वाटणीत ज्याला गाय नाही त्याचं नाव कोण लिहिणार?

घड्याळ १६२७ ला थांबलं की १६३७ उजाडत नाही. १६३७ साली शेजारच्या वसाहतींतल्या इंग्रजांनी मिस्टिक नदीजवळचं पेक्वॉट लोकांचं गाव पहाटे पेटवलं. बायापोरांसकट शेकडो माणसं जळाली, पळाली ती कापली गेली. १६७६ तर लांबच राह्यलं. ज्या सरदारानं १६२१ साली ह्या उपाशी इंग्रजांशी तह केला, ज्याची नव्वद माणसं त्या गाजलेल्या जेवणाला तीन दिवस होती, तो वांपनोआगांचा मॅसासॉइट. त्याचा पोरगा मेटाकॉम. जमिनी गिळत चाललेल्या इंग्रजांशी १६७५ साली त्याची लढाई जुंपली. ऑगस्ट १६७६ मधे तो मारला गेला. धडाचे चार तुकडे केले आणि मुंडकं ह्याच प्लिमथमधे खांबावर लावलं. वीस वर्षांवर ते तिथं होतं. बायको आणि नऊ वर्षांचं पोर धरलं होतं, ते पोर गुलाम म्हणून विकलं. बापानं ज्यांना जगवलं त्यांनीच पोराचं मुंडकं टांगलं. आणि गोळी घालणारा इंग्रज नव्हता, इंग्रजांच्या बाजूनं लढणारा त्यांच्यातलाच एक होता. हे वाचून मला फारसा धक्का बसला नाही. आपल्यालाही असले ठाऊक आहेत, निवडणुका आल्या की दिसतात.

घड्याळ मागच्या बाजूनंही थांबवलेलं आहे. इंग्रज उतरले ती जागा मोकळं रान नव्हतं. तिथं पटक्सेट नावाचं गाव होतं, शेतं होती. १६१६ ते १६१९ मधे गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते गाव पुसलं. त्या गावचा टिस्क्वांटम १६१४ साली एका इंग्रज कप्तानानं फसवून पळवला, स्पेनमधे विकायला नेला. तो तिथनं इंग्लंडला, इंग्लंडहून १६१९ साली परत. बघतो तर गावात जिवंत कुणी नाही. हाच तो भला इंडियन, ज्यानं मका पेरायला शिकवला. स्वतःच्याच गावाच्या मसणवट्यात उभं राहून शिकवला. आणि ते धर्मासाठी छळलेले लोक आल्याआल्या पहिल्या आठवड्यांत काय करत होते? दुसऱ्यांनी जमिनीत पुरून ठेवलेलं मक्याचं बियाणं उकरत होते, थडगी उघडत होते. हे आपण नाही म्हणत, त्यांचं त्यांनीच लिहून छापलंय.

आता ज्यासाठी हे लिहितोय त्याकडं येतो.

इंग्रजांच्या गावापासनं थोडं चालत गेलं की नदीकाठी दुसरी वस्ती. झाडाच्या सालींनी शाकारलेली लांबट घरं, विस्तव लावून आतनं कोरत आणलेली होडी. ती वांपनोआगांची जागा, १९७० नंतर सुरू झालेली. तिथली माणसं हरणाच्या कातड्यात होती, पण सोंग कुणाचं घेत नव्हती. ती खरोखरच आदिवासी घराण्यांतली माणसं होती आणि आजच्या तारखेत बोलत होती. इंग्रजाच्या गावात सगळे मेलेल्या माणसाच्या तोंडानं बोलतात, इथं जिवंत माणूस आपल्या तोंडानं. एका गोऱ्या पोरानं विचारलं, "तुम्ही खरे का?" होडीपाशी बसलेला तो बाप्या म्हणाला, "खराच. मॅशपीला राहतो. सकाळी गाडी चालवत आलो." मग त्याला मी तोच प्रश्न टाकला, जमीन कुणाची? तो हसला आणि थेट कोर्टकचेरीवर आला. मॅशपी वांपनोआगांना अमेरिकन सरकारनं जमात म्हणून मान्यता दिली २००७ साली, म्हणजे जहाज लागल्यावर ३८७ वर्षांनी. २०१५ साली ३२१ एकर त्यांच्या नावानं राखीव केली. मी परत आल्यावर २०२० साली सरकारनं तीही काढून घ्यायचा हुकूम काढला आणि २०२१ मधे तो फिरवावा लागला. ३२१ एकर! आपल्याकडं एखाद्या बागायतदाराच्या खानदानाकडं ह्याहून जास्त निघेल.

म्हणजे एकाच आवारात दोन कायदे. गोऱ्याला आठवायचं नाही म्हणून तो नाटक करतो. ह्यांना विसरायचं नाही म्हणून ते नाटक करत नाहीत.

हे काही म्युझियमवाल्यांनी दयेनं दिलं असं समजू नका. १९७० साली मेफ्लॉवरला साडेतीनशे वर्षं झाली म्हणून जंगी मेजवानी होती. वांपनोआग जमातीच्या वामसुट्टा फ्रँक जेम्सला भाषणाला बोलावलं. भाषण आधी दाखवायला सांगितलं. त्यात थडगी होती, चोरलेला मका होता. ते म्हणाले हे चालणार नाही, आम्ही देतो ते वाचा. त्यानं वाचलं नाही. आभाराच्या सुट्टीदिवशी प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ जाऊन त्यानं शोकदिन पाळला. तेव्हापासनं दर वर्षी तो पाळतात. दोनच वर्षांनी, १९७२ ला, मुंबईत आपली पँथर निघाली. नाव आपण तिकडच्याच काळ्या पँथरांकडनं घेतलं, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि नावाचं म्हणाल तर २०२० साली म्युझियमनं आपल्या नावात 'पटक्सेट' घातलं. २०२२ साली वांपनोआगांनीच बहिष्काराची हाक दिली, की नावात जागा दिली तेवढी आवारात दिली नाही. आपल्याला ह्यात नवं काय? १९७८ ला ठराव, मग घरं जळाली, आणि सोळा वर्षांनी १९९४ ला मिळाला तो नामविस्तार. पाटी बदलणं आणि हिस्सा देणं ह्यातलं अंतर मराठवाड्यानं आपल्याला रक्त काढून शिकवलंय.

इथं काही उत्साही मित्र लगेच म्हणतील, ते मूळनिवासी, आपण मूळनिवासी, मिळाला हिशेब. थांबा जरा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती हबशांच्या गुलामीविरुद्ध ते उभे राह्यले म्हणून. आर्यभटांनी बाहेरनं येऊन जिंकलं ही मांडणी जोतीरावांची. पण बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरच्या पुस्तकात आर्यवंशाची ही थिअरी सपशेल फेटाळली. दोघांना मानायचं तर दोघांना वाचावं लागेल. आणि फरक उघडा आहे. त्यांची जमीन पाहिजे होती, माणसं नको होती, म्हणून माणसं संपवली आणि संपली म्हणून जाहीरही केलं. आपली माणसं पाहिजे होती. मेलेलं ढोर कोण ओढणार? सांगावा घेऊन कोण पळणार? म्हणून आपल्याला मारलं नाही, हाकेच्या अंतरावर ठेवलं. त्यांना अजून ओरडून सांगावं लागतं, आम्ही आहोत. आपण आहोत हे गावाला रोज ठाऊक होतं.

तरी बोलायची रीत त्यांच्याकडनं घ्यावी. खरं तर ती आपल्याकडंही आहे, आपलं ध्यान नाही. २० मार्चला महाडला जातो तेव्हा आपण १९२७ चे कपडे घालून जातो का? डोकी फोडून घ्यायचा देखावा करतो का? आपण आजच्या कपड्यात जातो, पांढरं नेसून, पोरं खांद्यावर घेऊन, आणि तळ्याकडं मालकासारखं बघतो. तेच चैत्यभूमीला, तेच दीक्षाभूमीला.

आता पोरांची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणतील म्हाताऱ्यानं दाबली. १० ऑक्टोबर १९९४ ला व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग इथं, अशाच उभारलेल्या जुन्या शहरात, गुलामांचा लिलाव करून दाखवला. तो बसवला काळ्या कर्मचाऱ्यांनीच. त्या विभागाची प्रमुख बाई काळी, ती स्वतः विकली जाणारी म्हणून उभी राह्यली. काळ्यांच्या संघटना निषेधाला आल्या. आमच्या दुःखाचा तमाशा करू नका, म्हणाल्या. बघून झाल्यावर त्यांच्यातलाच एक पुढारी म्हणाला, माझं मत बदललं. म्हणजे दाखवण्यात ताकद आहे, नाही कोण म्हणतो?

पण तिथं काय काय होतं ते बघा. मोठी बाई, तिनं स्वतः ठरवलेलं. आणि समोर बोली पुकारणारा होता. विकत घेणारे होते, खिशात हात घालून उभे. आपल्या ट्रकवर काय आहे? आठवीतलं पोरगं आणि मडकं. ते मडकं काय आभाळातनं पडलं? बांधणारा कुठाय? हुकूम सोडणारा कुठाय? थुंकी जमिनीवर पडली तर विटाळणारा कुठाय? तो रस्त्याच्या कडेला उभा राहून आपली मिरवणूक बघणार, "अरेरे, काय तो काळ" म्हणणार, आणि सरबत वाटणार. त्याचं घड्याळ १८१८ ला थांबलेलं. पुढचं देवाला ठाऊक.

म्हणून परवाच्या मीटिंगमधे मी सांगितलं, पोरगं ट्रकवर चढणार नाही. चढलं तर शाळेच्या कपड्यात, आणि बोलायचं असेल तर स्वतःच्या नावानं बोलेल. मडकं ठेवा, दरवाजा ठेवा. दरवाजावर कोतवाल बसवा. हातात सुतळी. मडकं त्याच्या मांडीवर, आणि तो गर्दीतल्या माणसांकडं बघत माप घेतोय, आज कुणाच्या गळ्याला बसतंय म्हणून.

आजी म्हणली, हां, आत्ता कसं.

मग विचारलं, कोतवाल कोण होतो? सगळी गप. दर वर्षी कलापथकात राजा होणारा आपला गडी म्हणाला, मी बाबासाहेब करीन नाहीतर काहीच करणार नाही. कुणी सुचवलं, वरच्या आळीतल्या पुरोगामी मित्रांना विचारू, परिवर्तनाच्या शिबिरात सगळ्यात पुढं बसतात. दोघांना विचारलं. एकाला त्या दिवशी गावी जायचंय. दुसरा म्हणाला, घरी आईला काय वाटेल.

पागोटं भाड्यानं आणून ठेवलंय. विहारातल्या कपाटावर आहे.