सुईचा भार किती?

माळ्यावरच्या रेकॉर्डी खाली येतात, टर्नटेबल दुरुस्त होतो आणि पहिल्याच गाण्याला आवाज फाटतो. पुष्कळांचा समज असा, की सुई जितकी हलकी टेकेल तितकी रेकॉर्ड टिकेल. होते उलटेच. हलकी सुई खाचेत उड्या मारते, खाचेच्या भिंती खरवडते, आणि ती झीज कधी भरून येत नाही. म्हणून कार्ट्रिजसोबतच्या कागदावर असेल तोच भार ठेवावा, एल.पी.साठी बहुधा दीड ते दोन ग्रॅम. आधी मागचे वजन फिरवून आर्म अधांतरी, आडवा तरंगता करावा. मग आकड्यांची चकती शून्यावर आणून वजन हवे तितके फिरवावे. छोट्या काट्यावर पडताळले तर उत्तम. (साखर तोलायचा काटा इथे कामाचा नाही!)

आजोबांच्या लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डींची गोष्ट निराळी. त्यांची खाच रुंद. एल.पी.च्या साध्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन, इथे ७५ लागते. बारीक सुई तळाशी घासते, नुसती खरखर ऐकू येते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. ७८ची सुई मात्र ५ ग्रॅमवर चालते, एल.पी. लावण्यापूर्वी सुईबरोबर भारही आठवणीने बदलावा.