खटपट : आत रोल आहे का?

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. बाहेर आठवीतली एक मुलगी आणि तिची आई. मुलीच्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड.

"काका, तुम्ही जुने कॅमेरे घेता नव्हं? मी आमच्या आजोबांचा आणलोय."

(बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आमच्या कोल्हापुरात मुलीही 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतात. छपाईची चूक समजून संपादकांना पत्र टाकू नका!)

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा उद्योग ठाऊक आहेच. बंद पडलेले रोलचे कॅमेरे घ्यायचे, उघडायचे, चालू करायचे आणि ज्याला हवे त्याला विकायचे. टॉवेलातून निघाला याशिका इलेक्ट्रो ३५. जपानी कॅमेरा, १९६६ साली पहिल्यांदा बाजारात आला आणि पुढे जगभर खपला. वजनाला चांगला अर्ध्या किलोच्या वर. अंगावर धूळ, पण कुठे पोचा नाही.

"भंगारवाला दोनशे म्हणाला," आई म्हणाली. "म्हटलं आधी तुम्हाला दाखवावा. वडिलांचा माझ्या. ते जाऊन बारा वर्षं झाली."

मी किंमत सांगितली नाही. मागचं झाकणही उघडलं नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला डाव्या हाताला एक छोटी घडीची मूठ असते, रोल परत गुंडाळायची. ती हलक्या हातानं बाणाच्या दिशेनं फिरवली. पाव फेरा फिरली आणि अडली.

"आत रोल आहे," मी म्हणालो.

मुलीचा हात लगेच झाकणाकडे गेला. मी कॅमेरा जवळजवळ हिसकावूनच घेतला. बिचारी दचकली. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२००८ सालची गोष्ट. तेव्हा मी या धंद्यात नवा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. आमच्याच पेठेतल्या एका आज्जींनी कपाट आवरताना निघालेला एक कॅमेरा मला दिला. आग्फा आयसोलेट, जर्मनीचा. हा घडीचा कॅमेरा. कळ दाबली की पुढचं दार उघडतं आणि भिंग बाहेर येतं. भिंगाच्या मागे काळा, चुण्या चुण्यांचा भाता असतो, लोहाराचा असतो तसाच, फक्त तळहाताएवढा. मी तीनशे रुपये दिले. आज्जींनी नोटा न मोजताच कनवटीला लावल्या.

घरी आलो. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं. मी झाकण उघडलं. आत रोल होता! त्या कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची एक बारीक खिडकी असते. तिच्यातून रोलवरचा आकडा दिसतो. म्हणजे कितवा फोटो चालू आहे ते न उघडताच कळतं. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. रोलवर क्षणभर जरी ऊन पडलं तरी जे टिपलेलं असतं ते काळवंडून जातं. मी रोल काढला, कचऱ्यात टाकला आणि कामाला लागलो.

काम मात्र झकास झालं. या आग्फाच्या भिंगाच्या पेचात कारखान्यानं एक हिरवट वंगण घातलेलं असतं. वर्षं गेली की ते डिंकासारखं घट्ट होतं आणि भिंग फिरेनासं होतं. ते साफ केलं. अंधाऱ्या खोलीत जाऊन भात्याच्या आत बॅटरी लावून बघितलं, तर कोपऱ्यांवर चार टाचणीएवढे ठिपके चमकले. तेवढी भोकं काळ्या रंगानं बुजवली. तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका हौशी माणसानं साडेतीन हजार देऊन तो नेला.

पुढे दोन-तीन महिन्यांनी आज्जींचा मुलगा आला. "आई विचारतीया, त्यात रोल होता का? बाबांनी पन्हाळ्याला काढलेले फोटो धुवायचे राहिले होते."

मी म्हणालो, "नव्हता."

आज्जी आता नाहीत. तीनशे आणि साडेतीन हजारांच्या हिशेबाबद्दल मी स्वतःची समजूत घातली, की मेहनत माझी होती. पण 'नव्हता' या शब्दाचा हिशेब अजून लागलेला नाही. तेव्हापासून कुठलाही कॅमेरा हातात आला की आधी रोल बघतो.

तर पुन्हा आपल्या याशिकाकडे. त्याच्यावर आकड्यांची चकती असते. ती १४ वर थांबलेली होती. म्हणजे चौदा फोटो काढून झालेले. मी खालचं बटण दाबलं आणि रोल सावकाश उलटा गुंडाळायला घेतला. इतका जुना रोल कडक झालेला असतो. घाई केली तर तुटतो. मुलगी स्टुलावर बसून बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "काका, खरी कॉर्नरला तो मोठा कॅमेरा आहे की, तो कितीला जाईल?"

तिची आई हसली, मीही हसलो. खरी कॉर्नरचा कॅमेरा म्हणजे मानस्तंभ. महाराष्ट्र फिल्म कंपनीची आठवण. तो कोण विकणार? पण प्रश्न वाटतो तितका खुळा नाही.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेऊन आले. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये पडत. करा गुणाकार! साडेसातशे रुपये. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला. इकडे कोल्हापुरात आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे भाऊ (सख्खे नव्हेत) नाटकांचे पडदे रंगवत होते. त्यांनाही सिनेमा काढायचा होता. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि तो समजून घ्यायला सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल, प्रोजेक्टर म्हणजे चित्र दाखवायचं यंत्र, त्याचा कॅमेऱ्याशी काय संबंध? फार जवळचा! दोघांच्याही पोटात एक आकडा असतो. तो फिल्मच्या काठावरच्या भोकात अडकतो, फिल्म एक घर खाली ओढतो, सोडतो, पुन्हा वर जातो. फिल्म क्षणभर थांबते तेवढ्यात पुढची झडप उघडते. प्रोजेक्टरमध्ये तेव्हा प्रकाश बाहेर जातो, कॅमेऱ्यात तो आत येतो. मूक चित्रपटांच्या काळात हे सगळं हातानं मूठ फिरवून चालायचं. एका फेऱ्यात आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. आणि सोळा चित्रांना लागायची बरोबर एक फूट फिल्म. म्हणजे कॅमेरामन सेकंदाला एक फूट फिल्म खात होता. हात जरा मंदावला की पडद्यावरची माणसं पळत सुटायची!

आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले हाताशी होते. त्यांचा यंत्रावर चांगला हात. १९१८ मध्ये कॅमेरा चालला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रपट झाला आणि १९२० साली तो लोकांसमोर आला. हेच दामले पुढे 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक. चोरबाजारातल्या दुकानदाराच्या लेखी तो प्रोजेक्टर म्हणजे अडगळ होती. ज्याला आतला आकडा कळला त्याच्यासाठी तोच सिनेमा झाला.

तोवर रोल गुंडाळून झाला होता. झाकण उघडलं, रोल काढून डबीत ठेवला आणि मग कॅमेरा तपासला. याशिकाचा एक रोग ठरलेला आहे. आत रबराची एक इवलीशी गादी असते. चाळीस-पन्नास वर्षांत तिचा चिखल होतो. निरोगी कॅमेऱ्यात रोल पुढे सरकवताना 'खट्' असा आवाज येतो. आजारी कॅमेऱ्यात येत नाही. हा मुका होता. शिवाय त्याची मूळ बॅटरी पाऱ्याची. ती आता बाजारात येत नाही, त्यामुळे दुसरी बॅटरी बसवायला एक नळी लावावी लागते. भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी थोडी बुरशी. कोल्हापूरचा पावसाळा, दुसरं काय!

मग मी एक कागद घेतला. हल्ली मी असंच करतो. लिहिलं: जसा आहे तसा, दोन हजार. दुरुस्तीचा खर्च, दीड हजार. दुरुस्त झाल्यावर, सहा ते सात हजार.

मुलीनं कागद वाचला, ओठ हलवत हिशेब केला. "म्हणजे आम्ही आज दिला तर तुम्हाला तीन हजार सुटणार?"

"गप गं," आई म्हणाली.

"बरोबर आहे तिचं," मी म्हणालो. "पण दहातले दोन-तीन कॅमेरे काही केल्या चालू होत नाहीत. त्यांचे पैसे यातूनच निघतात." ती मान हलवून म्हणाली, "मग ठीक आहे." पण तिला ते फारसं ठीक वाटलेलं दिसलं नाही.

आईनं मात्र दुसराच प्रश्न विचारला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी हाच कॅमेरा विकायला काढला होता, तेव्हा कुणी शंभर रुपयेही देईना. आता एवढे कसे?

तो काळ मला चांगला आठवतो. डिजिटल कॅमेरा आला, पाठोपाठ कॅमेऱ्याचा मोबाइल आला, आणि स्टुडिओवाल्यांनी रोलचे कॅमेरे पोत्यात भरून बाहेर काढले. एकानं मला पिशवीभर कॅमेरे दिले आणि वर चहा पाजला, जागा मोकळी केल्याबद्दल! २०१२ च्या जानेवारीत तर खुद्द कोडॅक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. संपलं सगळं, असं वाटलं. पण नंतर उलटंच झालं. ज्यांनी लहानपणी रोल पाहिलाही नव्हता अशी कॉलेजातली मुलं-मुली रोलचे कॅमेरे शोधत यायला लागली. मोबाइलवर हजार फोटो काढून कंटाळलेल्यांना छत्तीस फोटोंची गंमत कळली. गिऱ्हाईक वाढलं, पण हे कॅमेरे बनवणारे कारखाने कधीच बंद झालेले. सुटे भाग मिळत नाहीत. दोन बंद कॅमेऱ्यांतून एक चालू होतो, म्हणजे दर वेळी जगातला एक कॅमेरा कमीच होतो. २०२४ साली पेन्टॅक्सनं रोलचा एक नवा कॅमेरा काढला खरा, पण एकट्यानं असा कितीसा फरक पडणार? रोलही महागले. पूर्वी शंभराच्या आसपास मिळणारा रंगीत रोल आता हजाराच्या घरात गेलाय.

आणि काही किमती तर आपल्या कल्पनेपलीकडच्या. जर्मनीच्या लायका कंपनीनं १९२३ च्या सुमारास चाचणीसाठी मोजकेच कॅमेरे बनवले होते. त्यातला एक २०२२ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. आपल्या पैशात शंभर कोटींहून जास्त! का? तर तो लायकाचा जनक ऑस्कर बार्नाक स्वतः वापरत होता. त्याचं नाव कोरलेलं आहे त्यावर.

"आमच्या आजोबांचं पण नाव कोरलंय," मुलगी म्हणाली. खरंच, खालच्या बाजूला सुईनं कोरलेलं होतं. त्यानं किंमत पाचशेनं उतरते, हे मी तिला सांगितलं नाही. कागदावरही धरलं नाही.

(जाता जाता एक धोक्याची सूचना. घरात जुना कॅमेरा सापडला तर त्यात तेल अजिबात घालू नका. शटरच्या पाकळ्या चिकटून बसतात. आणि ज्याला फ्लॅश आहे असा कॅमेरा स्वतः उघडू नका. बॅटरी काढली तरी आत शेकडो व्होल्ट साठून राहिलेले असतात. त्याचा एक झटका मी खाल्लेला आहे, दुसरा नको.)

आईनं दुरुस्ती तेवढी सांगितली. "विकायचं नंतर बघू."

रोल मी घरी न्हाणीघरात धुतला. होता रंगीत, पण इतके उन्हाळे सोसलेल्या रोलचे रंग भरवशाचे नसतात. म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या औषधात धुतला. त्यात निदान आकृती तरी हाती लागण्याची आशा असते. चौदातले नऊ फोटो नुसतं धुकं. पाचांवर काहीतरी होतं. एकात संध्यामठ, रंकाळ्याच्या पाण्यात अर्धा बुडालेला. एकात नुसती स्कूटर. आणि एकात दोन वेण्यांची, फ्रॉक घातलेली मुलगी, हातात भेळेचा कागद, उन्हानं डोळे बारीक केलेले. तिच्या शेजारी आणखी कुणीतरी उभं, पण त्या व्यक्तीचं डोकं कापलं गेलेलं. आजोबांचा नेम जरा खालीच असावा.

पुढच्या रविवारी दोघी आल्या. आई तो फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा फ्रॉक माझा न्हवं. ताईचा. त्या दिवसापुरता मागून घेतलेला. आणि ही डोकं कापलेली आहे ना, तीच ताई."

मुलीनं कॅमेऱ्याचा दांडा ओढला. 'खट्!' मग माझ्याकडे बघितलं. "काका, आता फोटो निघाले. आता किती येतील?"

"तेवढेच. सहा ते सात."

तिनं जुना कागद पिशवीतून काढला, आकडा तपासला आणि परत घडी घालून ठेवला. "दिवाळीनंतर सांगतो," म्हणाली. जाताना आईनं एक नवा रोल विकत घेतला.

काल तिचा निरोप आला. चकती ६ वर आहे, आणि ताईमावशीचं डोकं या वेळी फोटोत आहे म्हणे.