रिमोटमधील लिथियम बॅटरी आणि यत्नाचार

दूरनियंत्रित विमान किंवा मोटार चालविणाऱ्या मुलाच्या हातातील यंत्राला घरोघरी रिमोटच म्हणतात. जुन्या घडणीच्या रिमोटमध्ये बहुधा आठ पेन्सिल सेल बसतात. साधे सेल १.५ व्होल्टचे, म्हणजे आठांचे १२ व्होल्ट. पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे आठांचे ९.६ व्होल्ट. या जागी लिथियम बॅटरी बसविण्याचा आग्रह मुले धरतात. ती हलकी असते, अधिक वेळ पुरते आणि नुसती ठेवल्याने फारशी उतरत नाही. हे लाभ खरे आहेत. परंतु ती बसविण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट व्होल्टची. लिथियम-पॉलिमरचे तीन सेल मिळून ११.१ व्होल्ट होतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६. एवढे व्होल्ट चालतील असे रिमोटच्या माहितीपुस्तिकेत असेल, तरच ती बसवावी. लिथियम-लोह-फॉस्फेटचे तीन सेल ९.६ व्होल्ट देतात, म्हणून ते निकेलच्या अधिक जवळचे. बाजारात हुबेहूब पेन्सिल सेलसारखे दिसणारे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. आकारावर भुलून असे आठ सेल बसविले, तर जवळपास ३० व्होल्ट होऊन रिमोट जळू शकतो.

दुसरी गोष्ट इशाऱ्याच्या घंटीची. निकेलसाठी ठरविलेली घंटी लिथियमसाठी फार उशिरा वाजू शकते. शेवटी लिथियमचे व्होल्ट झपाट्याने उतरतात, आणि उडत्या विमानाचा रिमोट बंद पडला तर ते कोणाच्याही अंगावर कोसळू शकते. म्हणून घंटीची मर्यादा बॅटरीच्या जातीनुसार नव्याने लावावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चार्जरची. निकेलचा चार्जर लिथियमला कदापि लावू नये. लिथियम-पॉलिमरचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला पोहोचला की चार्जिंग आवरते घ्यावे लागते. त्यापुढे बॅटरी तापते, फुगते आणि पेटही घेते. बॅटरी रिमोटबाहेर काढून, तिच्याच जातीच्या चार्जरवर, फरशीवर, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर चार्ज करावी. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरात, कापडाच्या गाठी किंवा पुठ्ठ्याची खोकी रचलेल्या खोलीत रात्रभर चार्जर चालू ठेवणे म्हणजे माल आणि माणसे दोन्ही पणाला लावणे होय. अग्निकायिक जीवांची विराधना टाळावी म्हणून दिवाळीत फटाक्यांचा त्याग करणाऱ्या घराने ही आगही तितक्याच जाणीवपूर्वक टाळावी.

आता व्यापारी हिशेब. आकाशात विमान फिरविणाऱ्या मोटारीला मोठा प्रवाह लागतो, रिमोटला नव्हे. रिमोट २०० मिलीअँपिअर घेत असेल, तर २००० मिलीअँपिअर-तासांचे निकेल सेल सुमारे दहा तास पुरतात. रविवारी दोन तास खेळणाऱ्या मुलाला याहून अधिक कशाला हवे? गरज नसताना वस्तू न आणणे हाही परिग्रहपरिमाणाचाच भाग आहे.

पाच समिती मुनींसाठी सांगितल्या असल्या, तरी त्यांतील दोन श्रावकाच्या घरात येथे नेमक्या लागू पडतात. आदाननिक्षेपण समिती वस्तू पाहून उचलावी व पाहून ठेवावी असे सांगते: बॅटरी फुगली नाही ना, तिची तारा उघडी पडली नाही ना, हे मुलाने प्रत्येक वेळी पाहावे. उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तू जीवांना बाधा होणार नाही अशा जागी टाकावी असे सांगते: निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटरी संकलन केंद्राकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे.