पूररेषा आखता, तशी उजेडाची रेषाही आखा

प्रति,
मा. सचिव, नगरविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



मी सायखेड्याचा शेतकरी. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठावर आमचे गाव आहे. पूल ओलांडला की चांदोरी. मंत्रालयात आमच्या गावाचे नाव पोहोचले असेल तर ते बहुधा पुरामुळे. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी आमच्या गावात शिरली होती. तेव्हापासून निळी पूररेषा, लाल पूररेषा हे शब्द आमच्या पारावर सगळ्यांच्या तोंडी आहेत. निळ्या रेषेच्या आत काय बांधता येत नाही, हे आपल्या नियमावलीत लिहिलेले आहे आणि ते योग्यच आहे. आज मी लिहितो आहे ते रात्रीच्या उजेडाबद्दल, पण मागणी त्याच जातीची आहे. नकाशावर रेषा आखा, आणि रेषेच्या अलीकडे किती उजेड व पलीकडे किती, हे नियमात बसवा.

डिसेंबर 2020 मध्ये आपण राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आणली. सामासिक अंतरे, चटई क्षेत्र, पार्किंग या सगळ्याचा तिच्यात बारकाईने विचार आहे. तेराव्या प्रकरणात पावसाचे पाणी जिरवणे, सौरऊर्जा, सांडपाण्याचा पुनर्वापर या पर्यावरणाच्या अटीही आहेत. इमारतीबाहेर, आवारात, गच्चीच्या कठड्यावर कोणता दिवा लावायचा, त्याचे तोंड कुठे असावे, तो रात्री किती वाजेपर्यंत जळावा, हे मात्र जमिनीच्या विभागानुसार ठरवलेले नाही. शेती विभागातल्या लग्नाच्या लॉन्सला आणि शहरातल्या बाजारपेठेला रात्री सारखेच मोकळे रान आहे.

दुसरा कोणता कायदा ही उणीव भरून काढील, अशीही आशा नाही. पाण्यासाठी 1974 चा कायदा आहे, हवेसाठी 1981 चा, आवाजासाठी 2000 चे नियम. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ अशी व्याख्या आहे. उजेड या तिन्हींत बसत नाही. म्हणून लग्नातल्या डीजेविरुद्ध पोलिसांना फोन करता येतो, पण त्याच मांडवातला फोकस पहाटेपर्यंत शेजाऱ्याच्या पिकावर पडत राहिला तर तक्रार कोणत्या कलमाखाली करायची, हे कोणी सांगू शकत नाही.

पिकावर, हे मी मुद्दाम म्हणतो आहे. सोयाबीन हे कमी दिवसाचे पीक. रात्र लांबत गेली की त्याला फुलोऱ्याची आणि पुढे पिकण्याची वेळ कळते. रात्रभर दिवा पडत असेल तर ती वेळ चुकते. आमच्या बांधाला लागून असलेल्या एका लॉन्सचे दोन फोकस थेट शिवाराकडे तोंड करून आहेत. बाकीचे रान पिवळे पडून सोंगणीला येते तेव्हा तेवढी पट्टी हिरवीगार उभी असते. मजूर आणि मळणी यंत्र एकदाच मिळते, त्यामुळे ती पट्टी एकतर कच्ची कापावी लागते किंवा मागे ठेवावी लागते. शेवंतीवाले शेतकरी नेमका हाच गुण वापरून, रात्री दिवे लावून फुले लांबवतात. त्यांनी केले तर ती मशागत. दुसऱ्याच्या दिव्याने आमच्या पिकावर झाले तर ते नुकसान आहे.

किडींचेही तसेच. हुमणीच्या मोहिमेत कृषी विभाग आम्हाला पहिल्या पावसानंतर प्रकाश सापळे लावायला सांगतो. संध्याकाळचे काही तास लावा, मग बंद करा, कारण मित्रकीटकही त्यात मरतात, असे कृषी सहायक बजावतात. आणि चौकातला हायमास्ट वर्षभर, रात्रभर पेटलेला असतो. त्याच्या खाली सकाळी किड्यांचा जो थर झाडून काढतात, त्यात शत्रू किती आणि मित्र किती, याचा हिशेब कुणी मांडला आहे का?

गोदावरीच्या खालच्या अंगाला, कादवेच्या संगमापाशी नांदूर मधमेश्वर आहे. 1986 पासून ते अभयारण्य आहे आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. थंडीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदके उतरतात. यांतले बहुतेक पाहुणे रात्री प्रवास करतात आणि वाट काढताना ताऱ्यांचाही आधार घेतात. आपण पाणी राखले, शिकार थांबवली, आणि नदीकाठाने वर पाहणाऱ्या पांढऱ्या दिव्यांची रांग उभी राहू दिली, तर राखण अर्धीच झाली. नव्या एलईडीच्या पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो आणि निळा उजेड हवेत जास्त पसरतो. जुने सोडियमचे पिवळे दिवे वीज खात होते, पण आकाश एवढे फिके करत नव्हते. मृगाच्या आधी पहाटे उठून माझ्या आजोबांना जे आकाश दिसे, ते आज गावठाणातून दिसत नाही, आणि माझ्या नातवाला मृगातले तिकांडे दाखवायला मला मळ्यात जावे लागते.

आता बिबट्या. आमच्या तालुक्यात उसात बिबट्या दिसणे नवलाचे राहिलेले नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला जाणारा माणूस, शिकवणीवरून परतणारी मुलगी यांना दिवा हवा. त्यांच्या दिव्याला हात लावा, असे मी कधीच म्हणणार नाही. पण उंच खांबावरचा उघडा, डोळ्यांत घुसणारा फोकस त्यांना वाचवत नाही. त्याच्या झोतात उभ्या माणसाला दहा पावलांवरचा ऊस काळा ठिक्कर दिसतो. हायमास्टखालून दुचाकी काढून पुढच्या अंधाऱ्या रस्त्यावर गेलेल्या प्रत्येकाला तो क्षणभराचा आंधळेपणा माहीत आहे. कमी उंचीचे, वरून झाकलेले, पिवळसर, जवळजवळ लावलेले दिवे पायाखालची वाट दाखवतात आणि बांधापलीकडचेही पाहू देतात. सुरक्षिततेसाठीच मी नियम मागतो आहे.

असे दिवे लावण्याचे काम आपल्याच राज्यात करून दाखवलेले आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे अंधारे आकाश राखणारे ठिकाण, ठरला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले, आणि पैसा जिल्हा नियोजन समितीचा होता. त्या गावांत लोक अंधारात बसलेले नाहीत. फक्त ते काम चांगल्या अधिकाऱ्यांच्या इच्छेवर झाले. अधिकारी बदलले तरी टिकेल असा नियम त्याला हवा. जुन्नर तालुक्यात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसाठी शासनाने भोवतालच्या उद्योगांवर निर्बंध घातलेच आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींसाठी जे जमले, ते दिसणाऱ्या उजेडासाठी अवघड नसावे. अमेरिकेत फ्लॅगस्टाफ शहराने शोधदिव्यांवर बंदीचा नियम 1958 मध्येच केला. फ्रान्सने 2018 च्या आदेशात बाहेरच्या दिव्यांचा रंग आणि ते बंद करण्याच्या वेळा ठरवल्या.

आता माझी मागणी. अभयारण्याभोवतीचा पट्टा आणि नदीपासून निळ्या रेषेपर्यंतची जागा हा सर्वांत अंधारा विभाग ठरवा. तिथे पूल, घाट आणि पूरकाळातली बचावाची सोय सोडून कायमचा दिवा नको. पुलावरचा दिवा मात्र हवाच. पुराच्या रात्री पाण्याची पातळी आम्ही त्याच उजेडात पाहतो. शेती विभागात प्रत्येक दिव्याला वरून टोपण, रंग 2700 केल्विनच्या आत, आणि लॉन्स, ढाबे, गोदामे यांचे शोभेचे दिवे रात्री दहानंतर बंद. गावठाणात थोडी सूट द्या. बाजार आवारात, जिथे कांद्याचे ट्रॅक्टर पहाटेच्या आधीपासून रांगेत लागतात, तिथे भरपूर उजेड द्या, पण तोही खाली पडणारा. बांधकाम परवानगीच्या नकाशात बाहेरचे दिवे दाखवणे सक्तीचे करा आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी ते रात्री तपासा. आधी लागलेल्या दिव्यांना बदलण्यासाठी मुदत द्या. ग्रामपंचायतीचे खांब आपल्या विभागाकडे येत नाहीत, म्हणून ग्रामविकास विभागाशी बोलून निविदांमध्ये हाच तपशील घालून घ्या.

घाई अशासाठी की 2027 च्या सिंहस्थाची कामे नाशिकमध्ये सुरू आहेत. रस्ते, घाट, वाहनतळ यांबरोबर खांबही उभे राहतील, आणि एकदा रोवलेला खांब वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. नाशिकच्या घाटावरचे पाणी आमच्याकडे येते, तसा त्या शहराचा उजेडही पश्चिमेच्या क्षितिजावर आम्हाला रोज दिसतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नियमावलीत फेरबदल करून त्यावर सूचना व हरकती मागवण्याचा अधिकार आपल्याला आहे. ती सूचना काढा. सुनावणी निफाडला ठेवा आणि अंधार पडल्यावर ठेवा, म्हणजे अधिकाऱ्यांना आधी लॉन्सशेजारचे रान आणि मग नदीकाठ दाखवता येईल. गाडीची सोय आम्ही गावकरी करू.

आपला नम्र,
सायखेड्यातील एक शेतकरी